खियात दंतपालाची हद्द

खियात दंतपाल झाला तो सावलीमुळे. शाळा संपल्यावर तो आरोग्यसेवकाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरायला शहरात गेला होता. मैदानात दोन रांगा होत्या. एक भर उन्हात, दुसरी चिंचेखाली. चिंचेखालच्या रांगेत झाडून सगळ्या मुली होत्या, पण खियातनं त्याचा फारसा विचार केला नाही. खिडकीपाशी पोचल्यावर त्याला कळलं की ही रांग दातांची आहे.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बाळ, तुझी रांग ती पलीकडची. जायचंय का तिकडं?"

यानं एकदा उन्हाकडं पाहिलं. म्हणाला, "राहू दे मावशी. दात तर दात."

ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, त्यामुळे तिच्यात खरं किती आणि तिखटमीठ किती ते मला माहीत नाही. पण दोन वर्षं शिकून तो आमच्या कुत साइ गावच्या सरकारी दवाखान्यात आला तेव्हा दातांच्या खोलीत मी आधीपासून होते. माझं नाव सायबुआ. अवजारं उकळणं, तोंडात दिवा धरणं, रडणाऱ्या पोरांचे हात धरणं ही माझी कामं. त्याचं खरं नाव बुनलाय, पण लहानपणी तो इतका किडकिडीत आणि उड्या मारणारा होता की आईनंच त्याला खियात म्हणायला सुरुवात केली. खियात म्हणजे भाताच्या शेतातली बोटभर बेडकी. नोकरी लागली तरी नाव काही सुटलं नाही.

आता दंतपाल म्हणजे डॉक्टर नव्हे. त्यानं दात साफ करावेत, साधी कीड भरावी, हलणारे दात काढावेत, शाळाशाळांतून पोरांना घासायला शिकवावं. हाडात रुतलेली दाढ, मुळाशी गेलेली कीड, कवळ्या हे सगळं डॉक्टरचं. अशी कागदावर हद्द आखलेली. पण डॉक्टर आमच्याकडे बँकॉकहून येत आणि सक्तीच्या सरकारी नोकरीची वर्षं भरली की निघून जात. दंतपाल मात्र इथलाच, जाणार कुठं? म्हणून दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी खियातची हद्द आपल्या सोयीनं वाढवली. गावजेवणात भोंग्यावर बोलायला खियात. खेळांच्या दिवशी ढोल वाजवायला खियात. मिरवणुकीत कागदाच्या लगद्याचा भलामोठा दात अंगावर चढवून नाचायला तर खियातच. त्या दातात दोन भोकं होती, डोळ्यांसाठी. पोरं नेमकी त्यांतून काड्या घालत.

पण तो आल्याचा सगळ्यात मोठा धक्का बसला तो आमच्या विहाराच्या लुआंगपो कोंगना.

लुआंगपो म्हणजे आम्हां सगळ्यांचे वडीलधारे भिक्खू. माणूस मोठा धीराचा. पावसासाठी आभाळात दारूचे बाण सोडायच्या अग्निबाणांच्या सणाला विहाराचा बाण ते स्वतः भरत. दारू कुटताना गावचे गडीसुद्धा चार हात लांब उभे राहत आणि हे मांडी घालून हसत बसत. स्मशानात एकटे झोपत. पण खालच्या जबड्यातली एक दाढ किडून हलायला लागली होती आणि ती दाखवायला मात्र ते काही केल्या येत नव्हते. कारण तयार होतं. दातांच्या खोलीत सगळ्या बायका. भिक्खूला बाईचा हात लागून कसं चालेल? आजारपणात चालतं हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हांलाही. पण लुआंगपोंना नियम कोण शिकवणार?

आणि त्यांच्यामागं अख्खं गाव. दात काढायला चल म्हटलं की प्रत्येक जण म्हणायचा, "लुआंगपो तरी कुठं जातात?" गाल सुजवून, लवंग चावत सगळे बसायचे, पण खुर्चीत यायचे नाहीत.

खियात आला त्याच आठवड्यात विहारात नमस्काराला गेला. मीही होते. त्यानं तीनदा माथा टेकला आणि गुडघ्यांवर बसून म्हणाला, "लुआंगपो, दातांच्या खोलीत आता पुरुष माणूस आलाय."

लुआंगपोंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठंय?"

"मीच."

"तू पुरुष? तू तर खियात." बाजूच्या म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. "बरं, बघू. मंगळवार दातांना वाईट असतो."

"आज गुरुवार आहे, लुआंगपो."

"गुरुवार गुरूंचा. गुरूच्या तोंडात हात घालणार तू?"

मग बाणांचा सण जवळ आला म्हणून राहिलं. त्यानंतर पाहुणे भिक्खू आले म्हणून. खियात दर खेपेला हसत परत यायचा आणि माझ्यापाशी म्हणायचा, "सायबुआताई, माणूस पक्का आहे. मला आवडला."

पुढच्या वर्षी बाणांच्या सणाला दवाखान्यानंही एक बाण करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मोठ्या साहेबांनी ठरवलं आणि खियातनं केला. तो बाण घेऊन हा दाखवायला विहारात गेला आणि तिथं बोलता बोलता दोघांत काहीतरी ठरलं. भिक्खूंनी पैज लावायची नसते, म्हणून तिला पैज म्हणायचं नाही असंही ठरलं. दवाखान्याचा बाण विहाराच्या बाणापेक्षा वर गेला, तर लुआंगपो खुर्चीत बसतील. नाही गेला, तर भिक्खू पावसाळ्यात विहार सोडत नाहीत ते वर्षावासाचे तीन महिने खियातनं त्यांच्यासमोर दाताचा 'द'सुद्धा काढायचा नाही.

"तुला बाण करता येतो?" मी विचारलं.

"दाताच्या पोकळीत मसाला भरतो तसंच. नळीत दारू भरायची."

विहाराचा बाण सूं करून ढगात गेला आणि पांढरी शेपूट सोडत इतका वेळ वर राहिला की लोकांच्या माना दुखल्या. दवाखान्याच्या बाणानं फुस्स केलं, थोडा धूर सोडला आणि मचाणावरच आडवा झाला. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवायची आमच्याकडे रीतच आहे. चार जणांनी खियातला उचलला, मोठ्या साहेबांनाही सोडलं नाही. चिखलातून वर आला तेव्हा त्याचे फक्त दात पांढरे दिसत होते. मांडवातून लुआंगपो म्हणाले, "खियात, आज बरोबर घरी पोचलास."

वर्षावास सुरू झाला. खियातनं शब्द पाळला. दर उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी विहारात जायचा, झाडलोट करायचा, पाणी भरायचा, पण दाताचं नाव नाही. फक्त विहारात शिकणाऱ्या लहान सामणेर मुलांना त्यानं एकेक ब्रश दिला होता. रोज सकाळी ती सगळी केशरी रांग तळ्याकाठी, नेमकी लुआंगपोंच्या खिडकीखाली उभी राहायची आणि तोंडभर फेस करून खसाखसा घासायची. कोणी बोलायचं नाही. नुसता आवाज.

लुआंगपोंनी खिडकीतून डोकं काढलं. "हे काय चाललंय?"

खाली झाडू मारत खियात म्हणाला, "मी काही म्हटलं नाही, लुआंगपो."

"म्हटलं नाहीस, पण ऐकू येतंय."

"तुमचे कान चांगले आहेत. बाकीचं मला काही विचारता येत नाही."

इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या डोक्यात दुसरं खूळ शिरलं. दाढ दुखते म्हणून गावच्या बायका लुआंगपोंच्या भिक्षापात्रात मऊ मऊ घालायच्या. पेज, वाफवलेलं केळं, अंडं. हा पहाटे दारोदार फिरून सांगू लागला, "लुआंगपो पेजेला कंटाळलेत बरं का. काहीतरी चावायला द्या." खोटं नव्हतं ते, कंटाळले तर ते होतेच. पण मग पात्रात काय काय पडायला लागलं म्हणता. उन्हात वाळवलेलं मांस, निखाऱ्यावर भाजून कडक केलेला चिकट भात, ऊस. त्यानं स्वतः म्हशीचं खारवून वाळवलेलं कातडं भाजून नेलं. ते जिवंत म्हशीलासुद्धा चाववलं नसतं.

विहाराच्या मंडपात बसून लुआंगपोंनी पात्रात पाहिलं. मग समोर बसलेल्या खियातकडं पाहिलं. आमच्याकडे आधी भिक्खू जेवतात, आणि उरलेलं सगळं खाली बसलेल्या मंडळींत वाटलं जातं. लुआंगपोंनी दोन घास भात खाल्ला आणि कातड्याची पूर्ण ताटली खियातच्या पुढं सरकवली.

"खा बाबा. तू आणलंस, पुण्य तुला मिळालं. आता चवही तुलाच मिळू दे."

"लुआंगपो, माझं पोट भरलंय."

"भिक्खूनं दिलेलं नाकारतोस?"

सगळे बघत होते. खियातनं एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागला. चावतोय, चावतोय, कपाळाला घाम, डोळ्यांत पाणी, पण तोंडावर हसू धरून ठेवलेलं.

गावात खाम्मी आजी म्हणून एक होती. विड्यानं तोंड कायम लाल आणि नजर घारीची. शेजारणीच्या भातात खडे किती तेसुद्धा ती ओसरीवरून सांगायची. ती कोपऱ्यातून म्हणाली, "हा डाव्याच बाजूनं का चावतोय गं?"

सगळे वळून त्याच्या गालाकडं बघायला लागले.

"उजवीकडं घे की रे घास," आजी म्हणाली. "उजवीकडं पण देवानं दाढा दिल्यात."

खियातनं घास उजवीकडं घेतला. चेहरा असा झाला की बाजूचं पोर घाबरून आईला बिलगलं.

मला ठाऊक होतं. त्याची उजवीकडची अक्कलदाढ हाडात आडवी रुतून बसली होती आणि महिन्या दोन महिन्यांनी सुजायची. आमच्या डॉक्टर प्लाइफा, बँकॉकहून आलेली कोवळी पोरगी, त्याच्या मागं लागून थकली होती. हा तिला रोज नवं कारण सांगायचा. आज शाळेत जायचंय. आज मिरवणूक आहे. आज पेशंट फार आहेत. एकदा तर तिला म्हणाला, "मंगळवार दातांना वाईट असतो."

लुआंगपोंनी हळूच विचारलं, "खियात, तुझ्या तोंडात काय आहे?"

"मला त्याचं नाव घ्यायची बंदी आहे, लुआंगपो."

"बंदी उठली. बोल."

खियातनं मान खाली घातली. "अक्कलदाढ."

"काढत का नाहीस?"

बराच वेळ तो चटईच्या काड्या मोजत बसला. मग म्हणाला, "भीती वाटते."

मला वाटलं आता मंडप हसून कोसळणार. पण लुआंगपो हसले नाहीत, आणि ते हसले नाहीत म्हणून कोणीच हसलं नाही. ते थोडे पुढं झुकले. "कशाची? सुईची?"

"सुईची नाही. आवाजाची. हाडातून कडकड आवाज येतो तो. दुसऱ्याच्या तोंडात असला की काही वाटत नाही. माझ्या डोक्यात वाजला तर काय, असं वाटतं."

"हां," लुआंगपो म्हणाले. "मलाही तेच वाटतं." एवढं बोलून त्यांनी गावाकडं एकदा पाहिलं, जणू कोणी ऐकलं तर नाही ना. ऐकलं होतं सगळ्यांनीच. "आधी तू बैस. मी बघतो. तू जगलास तर मग मी."

वर्षावास संपल्यावरचा दिवस ठरला. त्या सकाळी दवाखान्याच्या आवारात जत्रा भरली. हातगाडीवाला कणसं घेऊन आला. दातांच्या खोलीच्या खिडकीच्या काचपट्ट्यांतून डोळेच डोळे. लुआंगपोंना कोपऱ्यात उंच आसन दिलं होतं. खियात खुर्चीत आडवा झाला. रोज त्या खुर्चीशेजारी उभा राहणारा माणूस, पण छत बघून म्हणाला, "ताई, इथं पालीची जागा आहे हे कधी दिसलं नव्हतं."

प्लाइफानं सुई टोचली. जबडा बधिर झाल्यावर म्हणाली, "भाऊ, ही माझ्या हद्दीतली आहे. तुम्ही आता बोलायचं नाही." तिला हे वाक्य म्हणायला फार दिवसांपासून हवं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. लुआंगपो मंद आवाजात सूत्र म्हणू लागले. मधे कडकड झालं तेव्हा खियातचे पाय खुर्चीवर ताठ झाले आणि लुआंगपोंचा आवाज एकदम मोठा झाला, इतका की त्यात ती कडकड बुडून गेली. बऱ्याच खटाटोपानंतर दाढ अखंड निघाली. मोठी, पांढरीशुभ्र. प्लाइफानं ती ताटलीत टाकली, टाके घातले आणि म्हणाली, "आता घरी जाऊन झोपा."

"नाही," लुआंगपो आसनावरून उतरत म्हणाले. "आजच. उद्या माझं मन बदलेल, मी त्याला ओळखतो."

प्लाइफानं लांबूनच दिव्याच्या उजेडात त्यांच्या तोंडात पाहिलं. "हलतेय. भाऊ, ही तुमच्या हद्दीतली. हात स्थिर आहे का?"

खियातनं हात पुढं धरून दाखवला. गालात कापसाचा बोळा, अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबणारा. त्याला बोलता येत नव्हतं, आणि लुआंगपोंच्या मते हीच त्या दिवसाची सगळ्यात चांगली गोष्ट होती. मी अवजारं एकेक करून खियातच्या हाती देत होते आणि माझी कोपरं लुआंगपोंना लागू नयेत म्हणून खेकड्यासारखी आक्रसून उभी होते. खियातनं सुई टोचली, थांबला, हिरडी दाबून पाहिली. लुआंगपोंनी त्याची बाही घट्ट धरली होती. मग यानं चिमटा लावला आणि त्याच वेळी घशातून, बोळ्याच्या आडून, एक सूर काढला. सूत्राचाच सूर होता, शब्द काही कळत नव्हते. रेडकू हंबरतंय असं वाटत होतं. लुआंगपोंना आडवं पडल्या पडल्या हसू फुटलं, आणि हसायला तोंड उघडलं तेवढ्यात दाढ बाहेर.

"झालं?" त्यांनी विचारलं.

खियातनं चिमट्यातली दाढ दाखवली. काळी, मधोमध भोक, एखाद्या जुन्या खुंटीसारखी. ती त्यानं ताटलीत टाकली.

मग जो गोंधळ झाला तो सांगायलाच नको. लोक पाया पडायला आत घुसले. खाम्मी आजी सगळ्यांत पुढं. मी लुआंगपोंच्या तोंडाला लावायला बर्फ आणायला वळले. परत आले तेव्हा आजी निघून गेली होती आणि ताटलीत एकच दाढ उरली होती. काळी.

मी खियातकडं पाहिलं. त्यानं ताटलीकडं पाहिलं. बोळ्यामुळे त्याला काही बोलता येईना, पण खांदे गदागदा हलायला लागले.

थोड्याच दिवसांत आजीच्या गळ्यात काचेच्या डबीत, चांदीच्या चौकटीत एक दाढ लटकू लागली. बाजारात ती सगळ्यांना दाखवायची. "बघा, पुण्यवान माणसाची दाढ कशी असते ती. एक डाग नाही. उभी हयात कुणाचं वाईट बोलले नाहीत, म्हणून." आजीचे गुडघे दुखायचे थांबले. सुनेनं उलटं बोलायचं थांबवलं. लॉटरीत बक्षीसही लागलं, लहानसं, पण लागलं. शेजारच्या गावाहून लोक त्या डबीला कपाळ टेकवायला यायला लागले.

खियातच्या आईनंही टेकवलं. त्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी विहारात गेला आणि लुआंगपोंना सगळं सांगितलं.

लुआंगपोंनी ऐकून घेतलं. "म्हणजे आजी तुझी दाढ पुजते."

"हो."

"गुडघे खरंच बरे झाले?"

"परवा जिन्यानं वर आली, लुआंगपो. धावत."

"मग सांगून तिचे गुडघे परत दुखवायचेत का?" त्यांनी खियातला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण आता तुझी पंचाईत आहे. तुझ्या दाढेला एवढी माणसं हात जोडतात म्हणजे तुला जरा जपूनच वागावं लागणार. दारू तर बंदच."

"लुआंगपो, ही शिक्षा आहे का?"

"मी काही म्हटलं नाही," लुआंगपो म्हणाले.

काळी दाढ खियातनं दवाखान्याच्या कौलांवर फेकली. आमच्याकडे खालच्या जबड्यातला दात छपरावर टाकायचा असतो. मोठ्या साहेबांनी वर काय पडलं म्हणून विचारलं, तर म्हणाला चिंच.

त्या दिवसानंतर गावाला सबब उरली नाही. आधी विहारातले बाकीचे भिक्खू आले, मग गडी, मग बायका, मग विड्यानं रंगलेल्या म्हाताऱ्या. सकाळी दार उघडायच्या आत बाकावर जागा नसायची. बुधवार भिक्खूंचा ठरला. त्यात एक नवीच अडचण उभी राहिली. बुधवारी जो दात निघेल त्यावर खिडकीतून डझनभर डोळे लागलेले असायचे. एकदा ताटली ठेवून मी मागं वळले तर एक हात पट्ट्यांतून कोपरापर्यंत आत. तेव्हापासून खियातनं खिडकीला जाळी मारून घेतली. प्लाइफाची वर्षं भरली आणि ती बँकॉकला परत गेली. जाताना फार रडली, आणि खियातला एकच विचारून गेली: दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ कधी काढणार?

तो म्हणाला, "डॉक्टरबाई, ती अजून उगवली नाही."

ती उगवली होती. मी सांगितलं नाही. नवीन डॉक्टर आलाय, लांबसडक हातांचा पोरगा. परवा मी त्याला हळूच म्हटलं की एक पेशंट आहे, पण मंगळवारी यायचा नाही. तो म्हणाला, "मग बुधवारी आणा." मी खियातला निरोप दिला. तो ऐकून म्हणाला, बुधवार भिक्खूंचा, त्यांच्या रांगेत मध्येच कसं घुसायचं, आणि झोळी उचलून शाळेच्या फेरीला निघून गेला. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती.